शेजारच्या पेशी

दुपारी एकच्या सुमाराला ती समोरच्या दुकानात कॉफीसाठी रांगेत उभी होती, आणि मागच्या बाईंनी तिच्या पाठीवरून काहीतरी टर्रकन सोललं. एवढंच झालं. म्हणजे सांगायला गेलं तर काहीच नाही. बाईंनी तो गोल पिवळा कागद दोन बोटांत, पालीची तुटलेली शेपूट धरावी तसा धरला आणि विचारलं, हे तुमचंच का? कागदावर काळ्या अक्षरांत ‘संसर्गजन्य’ छापलेलं, खाली ते तीन शिंगांचं चिन्ह. तिच्या प्रयोगशाळेत कचऱ्याच्या पिशव्यांवर लावतात तो स्टिकर. कुणाच्या तरी बाहीवरून खुर्चीला चिकटला असणार आणि खुर्चीवरून तिच्या स्वेटरला. ती हसली, म्हणाली, कोरा आहे हो, कशाला लावलेलाच नाही अजून. बाईपण हसल्या, अगदी मनापासून, पण हसता हसता त्यांनी पर्समधून रुमाल काढून बोटं पुसली, एकेक करून, पाचही. आणि तेव्हा तिच्या डोक्यात काहीतरी उलटंपालटं झालं, कारण स्वेटर तर कालपासून अंगावर होता. काल संध्याकाळी बसमध्ये शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली आणि तिला वाटलं होतं, वा, काय नशीब! आज सकाळी लिफ्टमध्ये सगळे भिंतीला पाठ लावून उभे होते आणि तिला वाटलं होतं, किती शहाणी माणसं. आत्ताही रांगेत तिच्यामागे दोन माणसं मावतील एवढी जागा होती. ती जागा होती तशीच राहिली. स्टिकर निघाला तरी.

कॉफी न घेताच ती परत फिरली. रस्ता ओलांडला, दारावर कार्ड दाखवलं, लिफ्टपाशी आली, आणि तिथं भिंतीवर रोजच्यासारखी तीच होती, म्हणजे तिचा फोटो, कमरेएवढा मोठा, पांढरा कोट, हसू जरा जास्तच. संस्थेनं गेल्या वर्षी तरुण संशोधकांची पोस्टरं लावली होती. तिच्या फोटोखाली तिचंच वाक्य: ‘माझ्या काकाला एचआयव्ही होता. घरानं त्याला वेगळं ताट दिलं. मी हे काम त्याच्यासाठी करते.’ या वाक्याचं फार कौतुक झालं होतं. एक पाहुणे तर डोळे पुसत गेले. ती रोज त्याच्यापुढून जायची आणि बघायची नाही, आपला आवाज रेकॉर्ड केलेला ऐकवत नाही ना, तसं. आज बघितलं. आणि का कोण जाणे, पोस्टरमधल्या तिची पाठ कशी असेल, असं तिच्या मनात आलं. भिंतीकडे असलेली पाठ.

आता तिचं काम काय, ते सांगायलाच हवं, अवघड नाहीये. एचआयव्हीचा विषाणू एखाद्या पेशीत शिरतो तेव्हा ती पेशी बाहेरून दिसायला होती तशीच राहते. फक्त तिच्या अंगावर विषाणूचं एक प्रथिन उगवतं. मुठीसारखं. घट्ट मिटलेली मूठ. माणसाचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, ढिगानं बनवतं, पण त्यातल्या बहुतेक अँटिबॉडींना ओळखता येतो तो मुठीच्या आतला तळवा. मूठ उघडली तर त्या चिकटणार. त्या चिकटल्या की मारेकरी पेशी येतात आणि खूण असलेल्या पेशीला संपवतात, मारेकरीच म्हणतात त्यांना, खरंच. तर तिची दोन वर्षं हे मोजण्यात गेली होती की रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी घातल्या तर बाधित पेशी किती मरतात. आकडा आला होता शंभरात अडुसष्ट. प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, तर हवेतच होते. उद्या सर तो आकडा घेऊन समितीपुढे बसणार होते, आणि समितीनं मान हलवली की धडधाकट माणसांना टोचून त्यांच्या अंगात अशाच अँटिबॉडी तयार करायच्या. साठ जण नावं देऊन तयारही होते. पाच वाजता सरांच्या खोलीत शेवटची बैठक, तिथं आकडा पक्का करायचा.

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली आणि स्क्रीनवर तोच जुना आलेख उघडला. एक ठिपका म्हणजे एक पेशी. उजवीकडचा दाट ढग म्हणजे ज्यांच्यावर अँटिबॉडी चिकटल्या त्या. दोन वर्षं तिनं हा ढग पाहिला होता, झोपेतसुद्धा. आज तो ढग बघताना तिला लिफ्टमधली माणसं आठवली, भिंतीला टेकलेली, आणि मधे ती, आणि तिच्या अंगावर दुसऱ्या कशाची तरी खूण. मग तिनं आलेख मोठा करून घेतला. कारण मुठी तुटतात. हे प्रत्येकाला माहीत असतं, पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. बाधित पेशीच्या अंगावरच्या मुठी तुटून आजूबाजूच्या पाण्यात तरंगतात. आणि मूठ उघडते कशानं, तर निरोगी पेशीच्या अंगावर एक खुंटी असते, सीडी-फोर नावाची, तिला अडकली की. बाधित पेशी महाबिलंदर, ती आपल्या सगळ्या खुंट्या आत ओढून घेते, म्हणजे आपली मूठ आपल्याच खुंटीला लागून उघडायला नको. पण शेजारची पेशी बिचारी खुंट्या बाहेर ठेवून बसलेली असते, तिनं काही केलेलंच नसतं. तरंगत आलेली मूठ तिला अडकते. उघडते. अँटिबॉडी चिकटते. आणि तिनं, या शहाणीनं, दोन वर्षं काय धरून चाललं होतं, तर जिच्या अंगावर विषाणूचं प्रथिन दिसेल ती पेशी बाधित. आत बघितलंच नव्हतं. विषाणूच्या गाभ्यातलं एक प्रथिन असतं, ते फक्त खरोखर बाधित पेशीच्या पोटात सापडतं, त्याला रंग लावून बघायचा एक जादा टप्पा असतो तीन तासांचा, तो तिनं पहिल्या महिन्यात वेळ वाचवायला गाळला आणि मग गाळलेलाच राहिला. कुणी विचारलं नाही. आकडा इतका छान होता.

मशीन आबांच्या ताब्यात असायचं. आबा म्हणजे कुणाचेच आबा नव्हेत, पण सगळे आबाच म्हणायचे; निवृत्तीला चार महिने राहिलेले, मशीनच्या खोलीत चप्पल काढून बसणारे. ती म्हणाली, आबा, चार वाजता मला वीस मिनिटं द्या. आबा म्हणाले, मुलगी बघायला येणारे लोकसुद्धा आधी कळवून येतात, इथं आपलं उठलं की आलं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी वहीत कुणाचं तरी नाव खोडलं आणि विचारलं, काय मोडलंस? ती म्हणाली, अजून माहीत नाही.

फ्रिजमध्ये जुने नमुने होते, ते काढले. पेशींना बारीक भोकं पाडायचं औषध घातलं, धुतलं, मग आतला रंग. हात सवयीनं चालत होते आणि डोकं भलतीकडेच. काकाचं ताट. स्टीलचं, काठाला पोचा आलेलं. घरात कुणीतरी त्यावर खिळ्यानं फुली ओरखडली होती, म्हणजे बाकीच्या ताटांत मिसळायला नको. ती नऊ वर्षांची होती. काका बाबांचा धाकटा भाऊ, लग्न न झालेला, चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जायचा, आणि बिघडलेल्या काचा तिला आणून द्यायचा. एकीतून जिना वाकडा दिसायचा, एकीतून आत्याचं नाक भोपळ्याएवढं. तिला तो चिमटे म्हणायचा, कारण ती लहानपणी चिमटे काढायची. आणि चिमटीनंच सांगितलं होतं. आत्यानं विचारलं होतं, इस्पितळातल्या त्या रोगाच्या गोळ्या देतात त्या खिडकीशी कोण उभं होतं म्हणे आपल्याकडचं, तुला काही ठाऊक आहे का गं? आणि तिला ठाऊक होतं ना! काकाच्या पिशवीत तिनं गोळ्यांची बाटली पाहिली होती, काचा शोधताना. केवढ्या हुशारीनं सांगितलं होतं तिनं, बाटलीचा रंगसुद्धा सांगितला होता. मग ताट, मग पेला, मग टॉवेल वेगळा दोरीवर, मग काका दिवाणखान्यातून पुढच्या ओसरीवर, आणि एका सकाळी ओसरीवरूनही गेला. आत्या म्हणाली, सुंठीवाचून खोकला गेला. बाबा जेवत होते. बाबांनी मान वर केली नाही, एवढं तिला लख्ख आठवत होतं, भात कालवणारी त्यांची बोटं आणि बारीक झालेलं मनगट, त्यावरून घड्याळ घसरून कोपरापाशी गेलेलं.

हे मनगट. बाटलीवर झाकण लावता लावता ती थांबली. हे घड्याळ कोपरापाशी गेलेलं. तिनं हे चित्र हजारदा पाहिलं होतं आणि दर वेळी काकाचं ताट बघितलं होतं, बाबांचं मनगट बघितलंच नव्हतं. बाबा पुढच्याच वर्षी गेले, फुप्फुसाचं दुखणं, असं घरात म्हणत. काकाला तिनं गोळी घेताना एकदा तरी पाहिलं होतं का? बाटली पाहिली होती. पिशवी पाहिली होती. सकाळी काका पाण्याचा पेला घेऊन बाबांच्या खोलीत जायचा, जाताना दार लोटून घ्यायचा, हे पाहिलं होतं. काका मग परगावी एकटा राहिला, एकोणीस वर्षं, टुणटुणीत, आणि तीन वर्षांपूर्वी जिना चढताना हृदय बंद पडून गेला. ती मोठी झाल्यावर त्याच्याकडे जायची तेव्हा मुद्दाम त्याच्या कपातून चहा प्यायची. बघ, मी नाही घाबरत. तो हसायचा आणि कप पुढे करायचा. कधीच काही बोलला नाही.

रंग भिनायला अर्धा तास लागतो, आणि अंधार लागतो, उजेडानं रंग मरतो. तिनं नळ्या चांदीच्या कागदात गुंडाळल्या, कपाटात ठेवल्या, दार लावलं. आणि त्या कपाटासमोर उभं राहून आईला फोन लावला.

आई दुसऱ्या गावात एकटी राहायची, शिकवण्या घ्यायची. ती म्हणाली, आत्ता? दुपारची? बरी आहेस ना? मग तिनं विचारलं, आई, त्या गोळ्या कुणाच्या होत्या. आई म्हणाली, कुठल्या गं. काकाच्या पिशवीतल्या. आई म्हणाली, जुन्या गोष्टी आता कशाला उकरायच्या, जेवलीस का. तिनं परत विचारलं. आई म्हणाली, दारावर कुणी आलंय वाटतं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि पलीकडे नुसता श्वास. आईचा तो गप्पपणा तिला चांगला माहीत होता, गुळगुळीत, कुठून नख लावायला जागा नाही. बाबा गेले तेव्हाही आई अशीच, मिटलेली. आणि मग तिच्या तोंडून काय निघालं ते तिचं तिलाच कळलं नाही, तिनं ठरवलं नव्हतं, शप्पथ नव्हतं ठरवलं. आई चिडली, रडवेली झाली की काका जे म्हणायचा ते, त्याच्या संथ आवाजात, किंचित नाकात, ती म्हणाली,

“वहिनी, बसा जरा.”

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. खोलीत काकाचा तो आवाज अजून होता, तिच्या घशात नव्हता, खोलीत होता. मग आई बोलायला लागली, पण तिच्याशी नाही. दुसऱ्याच कुणाशी तरी, खालच्या पट्टीत, जणू इतकी वर्षं ते दोघं तिथंच बोलत बसले होते.

“भावजी, मी सगळ्यांना सांगायला उठले होते हो. तुम्हीच डोळ्यांनी नको म्हणालात.” मग श्वास, मग आईचा नेहमीचा आवाज, कोरडा. “तुझ्या बाबांच्या होत्या. काका आणून द्यायचा, स्वतःजवळ ठेवायचा. त्याला नव्हतंच काही. त्यानं तपासून घेतलं होतं, कागद होता त्याच्याकडे.”

“मग दाखवला का नाही?”

“मी म्हटलं होतं दाखवा. तर म्हणाला, वहिनी, माझ्यावरची नजर काढली तर ती कुठंतरी जाणारच. आधी दादाकडे. मग तुमच्याकडे. मग चिमटीकडे. इथं बसलीय ती बरी आहे.”

कपाटाच्या दारावर तिचा चेहरा दिसत होता, पत्र्यात जरा वाकडा. तिनं विचारलं, तुमच्याकडे म्हणजे? विचारताना उत्तर माहीत होतं. आई म्हणाली, सकाळी एक गोळी घेते, बावीस वर्षं होतील. काही होत नाही मला. तुझी तपासणी केली होती, शाळेची आहे म्हणून सांगितलं होतं तुला, तुला नाहीये. मग म्हणाली, कुणाला सांगू नकोस हं. शिकवणीला पोरं येतात. असं म्हणून फोन ठेवला आणि लगेच परत केला, आणि एवढंच विचारलं, तुला त्याचा आवाज कसा काय आला गं?

चार वाजता आबांनी सहा नळ्या एकामागून एक मशीनला लावल्या. ठिपके पडायला लागले, आधी तुरळक, मग भराभर. आज आलेखात खाली-वर असा नवा आस होता, आत विषाणू असेल ती पेशी वर, नसेल ती खाली. ती बघत होती आणि तिचा लाडका ढग, तो उजवीकडचा दाट, अडुसष्टवाला, हळूहळू खाली बसायला लागला. सगळा. तळाला. अँटिबॉडी चिकटलेल्या, मारायला काढलेल्या जवळजवळ सगळ्याच पेशी निरोगी होत्या. आणि वर, डावीकडे, जिथं कुणी चिकटलेलं नव्हतं, तिथं एक छोटा काळा पुंजका उभा होता, शांत, मिटलेला, अंगाला कुणी हात न लावलेला. त्या बाधित. आबांनी चष्मा वर केला. म्हणाले, चोर सोडून संन्याशाला फाशी. मग तिच्याकडे बघून गप्प झाले, कारण ती त्या पुंजक्याकडे अशी बघत होती की जणू ओळखीचं कुणी गर्दीत दिसलंय आणि हाक मारावी की नाही ते कळत नाहीये.

न सांगणं सोपं होतं, हेही खरं. हे सहा नमुने फेकले की झालं, गाळलेला टप्पा गाळलेला. उद्या समिती मान हलवेल, साठ माणसं बाह्या वर करतील, आणि त्यांच्या रक्तात अशा अँटिबॉडी फिरतील ज्या घरोघर जाऊन बाटलीचा रंग सांगतील. ती उठली आणि आलेख छापून घेतला.

सरांच्या खोलीत तिघं होते, सर, आकडे तपासणारी मुलगी, जिला सगळे आकडेवाली म्हणत, आणि तिच्यामागून आत आलेले आबा. टेबलावर चार कप. तिनं कागद ठेवला आणि सांगितलं. सर म्हणाले, एखादा नमुना खराब असेल. ती म्हणाली, सहा लावले, सहाही असेच. आकडेवालीनं कागद ओढला, ओठ हलवत मोजलं, आणि म्हणाली, खरंय सर. सरांचा आवाज चढला नाही, ते वाईट.

“मग दोन वर्षं तू काय मोजत होतीस?”

“शेजाऱ्यांना.”

आता झाडतील असं वाटलं. पण सर खिडकीशी गेले, पाठमोरे उभे राहिले, आणि वळले तेव्हा वेगळेच दिसत होते, भूक लागल्यासारखे. अडुसष्ट गेला तर गेला, म्हणाले, समितीला मी आज रात्रीच कळवतो, टोचणं थांबेल. पण मग खऱ्या बाधित पेशींच्या मुठी उघडायच्या कशा? तिनं सांगितलं, खोटी खुंटी द्यायची, सर. पेशीनं स्वतःहून आत ओढून घेतलेल्या खुंटीसारखाच दिसणारा छोटा रेणू. तिला वाटलं पाहिजे, आपलंच कुणीतरी परत आलंय. मग उघडते ती. सरांनी घाईघाईनं लिहून घेतलं. तिला सरांचं पेन दिसत होतं आणि ऐकू खुर्ची ओढल्याचा आवाज येत होता.

सरांनी पडद्यावर उद्याच्या सादरीकरणाची चित्रं भराभर पुढे ढकलली. हे काढ, हे काढ, हे बदल. पहिलं मात्र राहू दे, म्हणाले. पहिलं म्हणजे पोस्टर, तिचा फोटो आणि काका. सर म्हणाले, माणसांना आकड्यांआधी माणूस लागतो.

तिला तोंड बंद ठेवता आलं असतं. आईनं तेच सांगितलं होतं. पण पडद्यावर ते वाक्य चमकत होतं, त्याच्यासाठी, तिच्या नावानं, आणि तिला वाटलं, या मेलेल्या माणसाला मी अजून मारतेय.

“तेही काढा, सर. काकाला नव्हता.”

आबा कपाकडे बघत होते. सरांनी मान जराशी तिरकी केली, प्रेमानंच, चौकस माणूस मान तिरकी करतो तशी.

“नव्हता? मग घरात कुणाला होता?”

बाबांना, असं म्हणता आलं असतं, बाबा गेलेले, त्यांचं काय जातंय. पण बाबांनंतर पुढचा प्रश्न होता, आणि तो सरांच्या ओठांवर तयारच होता, या खोलीतले तिघंही तो प्रश्न विचारायलाच शिकले होते: मग त्यांच्याकडून कुणाला? ती गप्प राहिली. गप्पपणा लांबला, आणि तो लांबला तसतशी तिला सरांची नजर हळूहळू भिंतीवरून, पडद्यावरून, टेबलावरून सरकत येताना दिसली, आकडेवालीचीही, अगदी आबांचीही. तिच्या मनगटावर आली. तिच्या चेहऱ्यावर आली. तिथं टेकली. नाही, मला नाही, एवढे तीनच शब्द होते, आणि आईकडे तिचाही कागद असणार, लहानपणीचा, शाळेच्या नावाचा. हे तीन शब्द म्हटले तर नजर उठेल. उठून कुठं जाईल हे तिला पुरतं माहीत होतं.

ती काहीच बोलली नाही. सरळ बसून राहिली, नजर पडू दिली.

जगात या विषाणूबद्दल ज्यांना सगळ्यात जास्त कळतं अशांपैकी एक असलेल्या सरांनी, आपल्याला काय करतोय हे कळायच्याही आधी, तिच्या कपाशेजारचा आपला कप उचलून टेबलाच्या दुसऱ्या कडेला ठेवला.